घराबरोबर भांडणही भाड्यानं आलं असेल तर

नाशिकहून नोकरीसाठी इंदूरला आलेल्या एका ताईंनी विचारलंय. सुदामा नगरच्या बाजूला एका चार मजली मल्टीत (इंदुरात फ्लॅटच्या इमारतीला मल्टीच म्हणतात), दुसऱ्या मजल्यावर, त्या, त्यांचे यजमान आणि चार वर्षांचा मुलगा दसऱ्यापासून भाड्यानं राहतात. खालच्या मजल्यावरचे काका (तेही मराठीच) रोज काहीतरी काढतात. मुलगा धावला की खालून काठीनं छत ठोकतात. स्कूटर जिन्याखाली लावली की हलवायला लावतात. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते, ती मागितली की मिळत नाही. आणि आता मे महिन्यात आठवड्यातून दोनतीनदा फक्त यांचीच टाकी रिकामी असते. घरमालक बंगळूरला राहतात, 'तुम्ही आपसात बघून घ्या' म्हणतात. कराराचे चार महिने उरलेत. पोलिसांत जावं, १८१ ला (मुख्यमंत्री हेल्पलाइनला) तक्रार करावी की घर सोडावं?

मी इंदुरात बावीस वर्षं घरं भाड्यानं लावून देते. वकील नाही, दलाल आहे. किल्ली हातात देताना मी असते आणि सहा महिन्यांनी 'त्या खालच्यांचं काहीतरी करा हो' असा फोनही मलाच येतो. त्याआधी अकरा वर्षं मी स्वतः भाड्यानं राहिले, आणि त्याच्याही आधी लहानपण गेलं रामबागेतल्या एका वाड्यात. सहा बिऱ्हाडं होती आणि नळ एक. शेजाऱ्यांच्या भांडणात माझं शिक्षण बरंच लवकर सुरू झालं म्हणायचं.

ताई, चारही तक्रारींत काका आहेत म्हणून तुम्हाला हे एकच भांडण वाटतंय. मला ती वेगवेगळी प्रकरणं दिसतात. आवाजाचं खरोखर तुमचं आणि काकांचं आहे. पार्किंगचं आणि किल्लीचं बहुधा तुमच्या घरमालकाचं आणि रहवासी संघाचं आहे, तुम्ही मध्ये सापडला आहात. पाण्याचं कोणाचं आहे हे अजून ठरायचंय. भाडेकरू नव्या घरात येतो तेव्हा त्याला वाटतं, आपण कोऱ्या पाटीवर आलो. तसं नसतं. तुमच्या फ्लॅटचा त्या मल्टीत दहापंधरा वर्षांचा इतिहास आहे, आणि तो फ्लॅटबरोबर तुम्हाला भाड्यानं मिळालेला आहे. म्हणून माझा पहिला सल्ला एवढाच की काकांशी बोलण्याआधी हे भांडण मुळात कोणाचं आहे ते शोधा.

तिलक नगरात मी एका तरुण जोडप्याला घर लावून दिलं होतं. तिसऱ्या महिन्यापासून रड सुरू. वॉचमन त्यांची गाडी आत घेईना, गच्चीवर कपडे वाळत घातले की कोणीतरी खाली आणून टाकायचं, सचिव समोरून गेले तरी मान फिरवायचे. मुलगी रडकुंडीला आली. मी सचिवांकडे गेले, चहा घेतला, विचारलं, 'या पोरांनी केलंय काय?' ते म्हणाले, 'पोरांनी काही नाही हो. मालकानं तीन वर्षांचा मेंटेनन्स दिलेला नाही. लिफ्ट आम्ही दुरुस्त करायची आणि किराया त्यानं खायचा?' पोरांना याचा पत्ताच नव्हता. मालक त्यांच्याकडून भाड्यात मेंटेनन्स धरूनच पैसे घेत होता! मग आम्ही मालकाला व्हॉट्सॲपवर लिहून विचारलं की यापुढे मेंटेनन्स भाडेकरू थेट संघात भरतील आणि तेवढी रक्कम भाड्यातून वजा करतील, चालेल ना? त्यानं कुरकुरत 'ठीक है' लिहिलं. संघाची पावती यांच्या हातात आली आणि त्याच आठवड्यात गच्चीची किल्लीसुद्धा. मागची थकबाकी मालकाच्या डोक्यावर तशीच राहिली, ती त्यांनी भरायची नव्हती आणि भरलीही नाही. हे नीट लक्षात ठेवा: मालकाची जुनी बाकी 'शांततेसाठी' तुम्ही भरू नका, आणि मालकाच्या लेखी होकाराशिवाय भाड्यातून एक रुपयाही कापू नका. नाहीतर उद्या तुम्हीच थकबाकीदार.

तुमच्या मल्टीत असंच असेल असं मी म्हणत नाही. मागचे भाडेकरू रात्री दोनदोन वाजेपर्यंत पार्ट्या करणारे असतील, किंवा मालकानं बाल्कनी वाढवली असेल आणि तिचं पाणी काकांच्या भिंतीत मुरत असेल. पण विचारल्याशिवाय कळणार नाही. विचारायचं कोणाला? सचिवांना तर खरंच, पण त्याआधी चारही मजल्यांवर धुणीभांडी करणाऱ्या बाईंना. मल्टीचा सगळा इतिहास त्यांना ठाऊक असतो, आणि त्या कोणाच्या बाजूच्या नसतात.

आता आवाज. इथे मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही. चार वर्षांचं मूल धावतं तेव्हा वर तुम्हाला जे ऐकू येतं त्याच्या कितीतरी पट खालच्या घरात ऐकू येतं. बोलण्याचा आवाज हवेतून येतो, भिंत त्याला बराच अडवते. पावलांचा दणका थेट स्लॅबला बसतो आणि स्लॅब खाली ढोलासारखा वाजतो. काठीनं छत ठोकणं असभ्य आहे, मान्य. पण काकांना होणारा त्रास खोटा नाही. मूल धावतं त्या पट्ट्यात जाड फोमच्या चटया टाका, वर सतरंजी. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मग काकांना विचारा, त्यांची झोपायची वेळ कोणती. दुपारचे दोन तास आणि रात्री दहानंतर एवढं तुम्ही सांभाळलंत तर बाकीच्या वेळी मुलानं घरात खेळायचंच, त्यासाठी माफी मागत बसू नका. मी हे इतक्या घरांत करून पाहिलंय की आता किल्ली देतानाच चटयांचं सांगते. सगळीकडे उपयोग होतो असं नाही, पण जिथे झाला तिथे चटईपेक्षा 'तुम्ही कधी झोपता?' या प्रश्नानंच जास्त काम केलं.

कायद्याचं म्हणाल तर निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. २००० सालचे केंद्राचे नियम आहेत, आणि आपल्याकडे १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही आहे. पण ही सगळी हत्यारं भोंगे, डीजे, बँड यांच्यासाठी. मुलाच्या पावलांवर ना त्यांना ती चालवता येतील, ना त्यांच्या काठीवर तुम्हाला.

पाण्यावर जरा थांबते, कारण इंदुरात शेजाऱ्यांची निम्मी भांडणं पाण्याचीच असतात. बाहेरून आलेल्यांना हे लवकर कळत नाही. आपल्याकडे नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतं, जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून पंपांनी घाट चढवून, आणि बहुतेक वस्त्यांत दिवसाआड. ते खालच्या हौदात पडतं, तिथून मोटरनं वर चढतं. त्याच्या जोडीला बोरिंग, जे मे महिन्यात दम टाकतं. एवढा डोंगर चढून आलेलं पाणी शेवटच्या दोन मजल्यांत अडतं, कारण मोटरचं बटण कोणाच्या तरी दाराजवळ असतं, आणि बटण ज्याच्या दाराजवळ तो त्या मल्टीचा अनधिकृत इंजिनीयर.

तुमच्या मल्टीत गच्चीवर प्रत्येक फ्लॅटची वेगळी टाकी आहे असं तुम्ही लिहिलंय. मग 'फक्त आमचीच टाकी रिकामी' याची तीन कारणं असू शकतात. पहिलं, कोणी तुमचा व्हॉल्व खरंच बंद करतंय. दुसरं, मोटर पुरेसा वेळ चालत नाही आणि तुमची टाकी पाइपाच्या शेवटच्या टोकाला आहे, त्यामुळे सगळ्यांत शेवटी भरते. तिसरं, तुमच्या टाकीचा फ्लोट अडकलाय: टाकी भरली की पाणी थांबवणारा तो तरंगता गोळा. त्याचा दांडा क्षारानं धरला की गोळा वरच राहतो, टाकी रिकामी असली तरी पाणी आत येत नाही. वैशाली नगरात दोन कुटुंबं आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हती, व्हॉल्ववर कुलूप लावण्यापर्यंत गेली होती, आणि शेवटी प्लंबरनं फ्लोट बाहेर काढून दाखवला तेव्हा दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली. बोलणं तरीही सुरू झालं नाही, पण पाणी आलं.

तेव्हा दोन आठवडे एका वहीत लिहा. नर्मदेचं पाणी कोणत्या दिवशी आलं, मोटर कितीला सुरू आणि कितीला बंद झाली, तुमचा नळ कितीला गेला, त्या दिवशी वरच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी होतं का. तिसऱ्या मजल्याला जरूर विचारा. त्यांच्याकडेही नसेल तर काका निर्दोष आहेत. एखाद्याच दिवसाचा राग सगळ्या आठवड्याला रंग देतो, वहीत तसं होत नाही. आणि पुढे मालकाला, संघाला किंवा आणखी कोणाला दाखवायचं झालं तर 'हे नेहमीच असं करतात' यापेक्षा चौदा दिवसांच्या नोंदीला वजन असतं.

वहीतून खरंच निघालं की व्हॉल्व मुद्दाम बंद होतोय, तर? लगेच १८१ लावू नका. मुख्यमंत्री हेल्पलाइन आपल्याकडे लोकांना फार प्रिय आहे, ऊठसूट लावतात. रस्त्यावरची लाइन फुटली, गल्लीत पाणीच आलं नाही, कोणी निगमच्या (म्हणजे महापालिकेच्या) नळाला थेट मोटर जोडून सगळं ओढून घेतंय, यासाठी १८१ किंवा निगमचं ३११ ॲप योग्य. मल्टीच्या आतल्या व्हॉल्वची तक्रार निगमच्या अधिकाऱ्याकडे गेली की तो फोन करतो, 'हा तुमचा खासगी मामला आहे' म्हणतो आणि तक्रार बंद. आणि काकांना मात्र कळतं की तुम्ही वर गेलात.

आतल्या पाण्याचा रस्ता मालकावरून जातो. आपल्याकडे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ लागू आहे. त्यात स्पष्ट आहे की मालकानं, स्वतः किंवा त्याच्या वतीनं वागणाऱ्या कोणाकडून, योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज अशा गरजेच्या सोयी तोडायच्या नाहीत. तसं झालं तर भाडेकरूला भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आता काका मालकाच्या वतीनं वागतायत असं म्हणता येणार नाही, त्यामुळे हे कलम त्यांच्यावर सरळ लागू होत नाही. पण मालकाला 'आपसात बघून घ्या' म्हणून हात झटकताना विचार करायला लावण्याइतकं ते पुरेसं आहे. त्याला फोन करू नका, लिहा. चार ओळी: अमुक तारखांना पाणी नव्हतं, वहीचा फोटो जोडलाय, गच्चीची किल्ली आणि पार्किंगची जागा तुमच्या फ्लॅटला आहे की नाही ते कृपया लिहून कळवा, आणि संघाच्या सचिवांना तुम्ही स्वतः एक फोन करा. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. संघात सभासद तो आहे, तुम्ही नाही. त्याच्या एका फोननं जे होतं ते तुमच्या दहा खेपांनी होत नाही.

याच अधिनियमाची दुसरी बाजूही माहीत असू द्या. भाडेकरू किंवा त्याच्या घरातलं कोणी इतरांना उपद्रव करत असेल तर ते घर खाली करून घ्यायचं एक कारण ठरू शकतं. त्यामुळे कोणी संघाच्या रजिस्टरमध्ये तुमच्याविरुद्ध लेखी तक्रार टाकली तर 'जाऊ दे, म्हातारा माणूस आहे' म्हणून सोडू नका. एकदाच, शांतपणे, लेखी उत्तर द्या: चटया घातल्या आहेत, दुपारी दोन ते चार मूल खेळत नाही, इत्यादी. भांडायचं नाही, नोंद ठेवायची.

पोलिसांबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. तुम्ही ठाण्यात गेलात तर बहुतेक वेळा 'अदम चेक' लिहिला जाईल. म्हणजे तक्रार नोंदली, पण न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. दोन्हीकडून आवाज चढले असतील तर प्रतिबंधात्मक कारवाई होते, जिला अजूनही सगळे '१०७-११६' म्हणतात. ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली कलमं. जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती १२६ आणि १३५ झाली, रीत तीच आहे. शांतता राखण्याचं बंधपत्र, आणि बऱ्याचदा ते दोन्ही पक्षांकडून घेतात. म्हणजे तुम्ही फिर्यादी म्हणून गेलात आणि काकांच्या शेजारच्याच बाकावर बसून तारखा मोजताय. शिवाय ठाणेदार पहिला प्रश्न विचारतील की किरायेदार म्हणून तुमची माहिती ठाण्यात दिलीय का. ते काम मालकाचं, पण त्यानं केलेलं नसेल तर विषय तिकडेच वळतो. आज मालकाला विचारून ठेवा.

पण काही गोष्टींना यातलं काहीच लागू नाही. कोणी अंगावर हात टाकला, धमकी दिली, तुम्ही एकट्या असताना दार ठोठावत राहिलं, जिन्यात वाट अडवली, तर वही नाही, चहा नाही, मालक नाही. सरळ ११२. तुमच्या पत्रावरून तसं काही झालेलं दिसत नाही. झालं असेल आणि तुम्ही लिहिलं नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात असं: आवाज तुम्ही सांभाळायचा, पाण्याची नोंद ठेवायची, किल्ली आणि पार्किंग मालकावर टाकायचं. राहिले काका.

तुम्ही लिहिलंय, 'मराठी आहेत म्हटल्यावर बरं वाटलं होतं.' ही ठेच महाराष्ट्रातून आलेल्या बऱ्याच जणांना लागते. इथली मराठी माणसं होळकरांच्या वेळेपासूनची. १८१८ नंतर राजधानी इंदूरला आली तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. त्यांचं माहेर-सासर इथे, भांडणं इथली, आणि तुमच्याकडे बघून त्यांना गाववाला भेटल्यासारखं वाटेलच असं नाही. उलट 'महाराष्ट्रातून आले की यांना सगळं कळतं' असा एक जुना चिमटाही असतो. तेव्हा भाषेच्या हक्कानं जाऊ नका. शेजारी म्हणून जा.

जिन्यात बोलू नका. जिन्यात बोललं की चार दारं किलकिली होतात आणि मग काकांना माघार घेता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, पोहे उरकल्यावर, दोघं मिळून त्यांच्या घरी जा. मुलालाही न्या, नुसती पावलं ऐकून जो राग साठतो तो चेहरा दिसला की थोडा उतरतो. आधी आवाजाचं काढा, कारण तिथे चूक थोडी तुमची आहे: 'काका, वर चटया घातल्यात, फरक पडला का? तुम्ही दुपारी कधी आडवे होता?' उत्तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. त्या दिवशी पाण्याचं काढूच नका. काढायचं तर फक्त एवढं: 'काका, गच्चीवर टाकी बघायचीय, तुम्ही येता का बरोबर?' किल्ली मागितली तर ते 'नाही' म्हणतील. बरोबर या म्हटलं तर म्हातारा माणूस सहसा उठतो. काकू घरात असतील तर त्यांच्याशीही बोला. बरेचदा ठोकणारे काका असतात आणि झोप मोडलेली असते काकूंची.

घर सोडायचं का, याचं उत्तर मालकावर अवलंबून आहे, काकांवर नाही. तापट शेजारी आणि लक्ष घालणारा मालक असलं की निभतं. मवाळ शेजारी आणि बेपत्ता मालक असलं की निभत नाही. तुम्ही महिन्याच्या अंतरानं दोनदा लिहून मालकानं सचिवांना एक फोनही केला नाही, आणि वहीत पाण्याचं खरंच निघालं, तर मी तुमच्या जागी असते तर उरलेल्या महिन्यांसाठी जीव आटवला नसता. करारात नोटिशीचा काळ किती लिहिलाय ते बघा, बहुतेक अकरा महिन्यांच्या करारांत एक महिना असतो. अकराच का, तर वर्षावरचा भाडेकरार नोंदवावा लागतो आणि मालकांना ते नको असतं. नोटीस लेखी द्या. निघताना विजेच्या मीटरचा फोटो काढा, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ करा, अनामत रक्कम कधी मिळणार ती तारीख लिहून घ्या. मालकाशी शेवटच्या आठवड्यात भांडू नका, अनामत त्याच्याकडे आहे.

पुढचं घर बघाल तेव्हा दलालावर विसंबू नका, हे दलाल म्हणूनच सांगते. मीसुद्धा एकदा माहीत असून बोलले नव्हते की वरच्या मजल्यावर तबल्याचे क्लास चालतात. ती बाई आजही मला राजवाड्यावर दिसली तर रस्ता बदलते. घर बघायला दुपारी नाही, संध्याकाळी सातला जा. नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी जा. मागचे भाडेकरू किती महिने राहिले ते विचारा. दोन वर्षांत तीन कुटुंबं गेली असतील तर भाडं कितीही कमी असो, पाय काढा.

पण आधी हा रविवार. गच्चीवर गेलात की टाकीचं झाकण उघडा आणि फ्लोट हातानं वरखाली करून बघा. अडकलेला निघाला तर काकांना तिथेच दाखवा, प्लंबर सोमवारी बोलवा.